आजोबांच्या ट्रंकेत जर्मन बिल्ला सापडला, त्यावर "एर्झात्स" लिहिलंय, म्हणजे नकली का?

रामबागवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची आजोबांची काळी ट्रंक खाली काढली. आई इतकी वर्षं ती कोणाला उघडू देत नव्हती, "त्यात त्यांचं पलटणीतलं आहे" एवढंच म्हणायची. आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये इटलीत होते, लढाई संपली तसे बहिणीकडे इंदूरला आले, मिलमध्ये लागले आणि इथलेच झाले. ट्रंकेत कसर लागलेला एक स्वेटर, दोन मेडलं, एक अॅल्युमिनियमचा मग, आणि एका रुमालाच्या गाठीत हा बिल्ला.

बिल्ला अंडाकृती आहे, करड्या रंगाच्या धातूचा, मधोमध आडव्या तीन फटी पाडलेल्या, आणि वरच्या-खालच्या दोन्ही अर्ध्यांवर तीच तीच अक्षरं ठोकलेली. नाव कुठंच नाही. काही अक्षरं, मग "एर्स. बटा." असं काहीतरी, एक नंबर, मागे शून्य किंवा ओ. राजवाड्याच्या मागे जुनी नाणी विकणारा एक जण बसतो त्याला दाखवला तर तो बघून लगेच म्हणाला "भिया ये तो डुप्लीकेट है, इसपे खुद लिक्खा है एर्झात्स, मतलब नकली" आणि वर दोनशे रुपये देतो म्हणाला. नकली आहे तर दोनशे तरी कशाला देतोस बाबा?

भाषांतराच्या अॅपमध्ये टाकलं तर "बदली" असं आलं. म्हणजे बदली बटालियन. आता माझा घोळ असा की थोडं वाचलं त्यात असं दिसलं की या बदली बटालियनी जर्मनीतच असायच्या, नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायच्या, फ्रंटवर जायच्याच नाहीत. मग तिचा बिल्ला इटलीत माझ्या आजोबांच्या हातात कसा आला? आणि "रिझर्व डिव्हिजन" म्हणून जे असतं ते हेच का वेगळं? कोणाला माहीत असेल तर सांगा, मला लष्करातलं शून्य कळतं.

जुना_सुभेदार (महू)

नकली नाही. दोनशेला देऊ नका, दोन हजारालाही देऊ नका.

आपल्याकडचं उदाहरण देतो म्हणजे समजेल. मराठ्यांचा रंगरूट कुठं घडतो? बेळगावला. तेव्हाही बेळगावलाच, रेजिमेंटची दहावी बटालियन ही खास शिकवणारी बटालियन होती, ती लढायला जायची नाही. पोरगा तिथं तयार झाला की पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या जिथं माणूस कमी असेल त्या बटालियनला रवाना. जर्मनांचंही तसंच, फक्त त्यांचं जास्त काटेकोर. लढणाऱ्या प्रत्येक रेजिमेंटमागे तिच्या गावाकडं तिची एक एर्झात्स बटालियन, बहुतेक वेळा नंबरही तोच. एर्झात्स म्हणजे जो पडला त्याच्या जागी भरायचा माणूस. कॉफी मिळेना तेव्हा जव भाजून प्यायचे त्यालाही एर्झात्स कॉफीच म्हणायचे, तुमच्या नाणेवाल्यानं तेवढंच कुठंतरी ऐकलं असणार.

आता मुद्दा. बिल्ला जवानाला भरतीच्या वेळी पहिल्या युनिटमध्ये मिळतो आणि पुढं शक्यतो तोच गळ्यात राहतो. तो पुढं रशियात गेला, इटलीत गेला, चार पलटणी बदलल्या तरी बिल्ल्यावर पहिलंच युनिट. म्हणजे बिल्ला सांगतो तो कुठं शिकला, कुठं लढला ते नाही. ते त्याच्या खिशातल्या पगार-पुस्तकात असायचं, झोल्डबुख म्हणत त्याला, त्याच्या चौथ्या पानावर कोणत्या एर्झात्सनं पाठवलं, फ्रंटवर कोणत्या युनिटला गेला, आणि आता जखमी झाला तर परत कोणत्या एर्झात्सला जायचं, असे तीन रकाने. ते पुस्तक आहे का ट्रंकेत?

आणि एक बघा, एर्स.च्या आधी "इन्फ." आहे की "ग्रेन."?

रामबागवाला (इंदूर)

काका पुस्तक नाही. भिंग लावून बघितलं, "ग्रेन." आहे. त्याच्याही आधी "श्टाम" सारखं काहीतरी. शेवटचा नंबर मुद्दाम टाकत नाहीये, बायको म्हणाली कोणाच्या तरी घरचा माणूस असेल, असा नेटवर टाकू नको.

सयाजीगंज_७ (बडोदा)

वहिनींचं बरोबर आहे, नंबर टाकू नकाच.

"ग्रेन." म्हणजे ग्रेनाडियर, आणि यावरून तारीख लागते. ऑक्टोबर १९४२ मध्ये हिटलरनं जर्मन पायदळाच्या रेजिमेंटींना इन्फंट्री ऐवजी ग्रेनाडियर म्हणायचा हुकूम काढला, प्रशियाचा जुना राजा फ्रेडरिक, त्याच्या काळाचा रुबाब यावा म्हणून. म्हणजे तुमचा माणूस त्यानंतर भरती झालेला. "श्टाम" म्हणजे श्टाम कंपनी, नवीन आलेल्या पोरांची नोंद करून कपडे वाटायची ती कंपनी. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांतच ठोकलेला बिल्ला आहे हा.

आता रिझर्व डिव्हिजनचं. मी या विषयावर बरीच वर्षं वाचतोय, घरचे वैतागलेत, त्यामुळे इथं थोडं लांबेल सांभाळून घ्या. १९३९ ला लढाई सुरू झाली तेव्हा जर्मन सैन्य दोन भागांत वाटलं गेलं, एक फील्ड आर्मी जी लढते, आणि दुसरी एर्झात्सहेअर म्हणजे घरची बदली फौज, जी भरती, ट्रेनिंग, बरे झालेले जखमी, हे सगळं बघते. तिचा मुख्य जनरल फ्रीडरिख फ्रॉम. सगळा देश लष्करी जिल्ह्यांत वाटलेला, वेअरक्राइस म्हणतात, कोअरचं, म्हणजे काही डिव्हिजनी मिळून होणाऱ्या फौजेचं, हेडक्वार्टर फ्रंटवर गेलं की त्याच गावात त्याचं एक डेप्युटी हेडक्वार्टर मागे राहायचं आणि तेच जिल्हा चालवायचं. या सगळ्यामागे हिशोब असा की बव्हेरियाच्या पोरानं बव्हेरियाच्याच पलटणीत जावं, आजूबाजूला आपल्या बोलीचे लोक असावेत. सुरुवातीला ट्रेनिंग साधारण १६ आठवडे, मग मार्च बटालियन करून आगगाडीनं फ्रंटला, तिथं डिव्हिजनची स्वतःची फील्ड एर्झात्स बटालियन, आणि मग खंदक. पुढं माणसं कमी पडायला लागली तसे आठवडे आखडत गेले.

मग आलं १९४२. रशियाच्या पहिल्या हिवाळ्यात एवढी माणसं गेली होती की पश्चिमेकडे, म्हणजे फ्रान्स हॉलंड डेन्मार्क इथं नुसत्या पहाऱ्यावर बसलेल्या डिव्हिजनी रशियाला न्यायच्या होत्या, आणि त्यांच्या जागी बसवायला कोणी नव्हतं. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्याकडे बराकींत लाखो पोरं ट्रेनिंग घेताहेत, ती जर्मनीतच बसून कशाला शिकली पाहिजेत, फ्रान्समध्ये शिकू देत, तेवढाच बंदोबस्तही होईल. म्हणून १९४२ च्या शरद ऋतूत एर्झात्स युनिटचे दोन तुकडे केले. एर्झात्स नाव राहिलेला भाग गावातच राहिला, भरती आणि कागदपत्रं बघत, आणि आउसबिल्डुंग म्हणजे शिकवणारा भाग उचलून व्यापलेल्या देशांत नेला. तिकडे नेलेल्या या शिकाऊ बटालियनी एकत्र करून ज्या डिव्हिजनी बांधल्या त्या म्हणजे रिझर्व डिव्हिजनी. बहुतेकांचे नंबर १४१ ते १९१ च्या दरम्यान, रणगाड्यांच्या वेगळ्या चार होत्या, १५५, १७९, २३३ आणि २७३, एकूण दोन डझनांच्या आसपास.

म्हणजे रिझर्व हा शब्द फसवा आहे. आपण रिझर्व म्हटलं की राखून ठेवलेली ताकद समजतो. इथं रिझर्व डिव्हिजन म्हणजे एक शाळा आहे, ज्यात मास्तर म्हणजे पाय तुटता तुटता वाचलेले, फ्रॉस्टबाइट झालेले, वय झालेले सार्जंट आणि विद्यार्थी म्हणजे १८ वर्षांची पोरं, आणि शाळेवरच गावाचा पहारा टाकलेला. शिकून थोडी तयार झाली की त्यांना काढून रशियाला पाठवणार, पुन्हा नवीन कोरी पोरं येणार. कागदावर डिव्हिजन भरलेली, पण कायम कच्ची. तोफा कमी, वाहनं कमी, हातात आलेली शस्त्रं कुठल्या कुठल्या देशांची जप्त केलेली.

आणि शेवटी हे बियाणंच खाल्लं गेलं. १९४४ मध्ये रणगाड्यांच्या रिझर्व डिव्हिजनी मोडून फ्रंटवरच्या झिजलेल्या डिव्हिजनींत ओतल्या, १५५ गेली ९ व्या पॅंझर म्हणजे रणगाडा डिव्हिजनमध्ये, २७३ गेली ११ व्यात, १७९ मधून ११६ वी पॅंझर उभी राहिली. पायदळाच्या काही तर जिथं होत्या तिथंच नाव बदलून लढाऊ डिव्हिजन झाल्या. पुढच्या वर्षी पोरं कोण शिकवणार हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, पुढचं वर्षच नव्हतं म्हणा.

किल्ल्याखालची (ग्वाल्हेर)

सगळं छान लिहिलंय पण "शाळा", "कच्ची पोरं" म्हणता म्हणता ते बिचारे होऊन बसलेत, म्हणून लिहायला घेतलं. १५७ वी रिझर्व डिव्हिजन घ्या. म्युनिकची, जनरल कार्ल फ्लाउम. १९४३ च्या सप्टेंबरात इटली लढाईतून बाहेर पडली तेव्हा आल्प्समधला इटालियनांकडचा ग्रेनोबलचा भाग या डिव्हिजनकडे आला. तिचं ट्रेनिंग म्हणजे काय, तर डोंगरात फ्रेंच क्रांतिकारकांच्या, माकीच्या मागे लागणं. मार्च १९४४ मध्ये ग्लिएर पठार, आणि जुलैमध्ये वेर्कोर. वेर्कोरच्या पठारावर साधारण चार हजार माकी होते, लंडन आणि अल्जियर्सकडून तोफा येतील, विमानं उतरतील म्हणून वाट बघत बसलेले, ते कोणी आलंच नाही. जर्मनांनी दहा हजारांच्या आसपास माणसं लावली, त्यात मुख्य ही "शिकाऊ" डिव्हिजन. २१ जुलैला ग्लायडर उतरले ते व्हासिओ गावापाशी, गावकऱ्यांना वाटलं आपलीच मदत आली. ग्लायडरवाले वेगळ्या युनिटचे होते हे मला माहितीय, ते कोणी सांगायला येण्याआधीच लिहिते. पण चारी बाजूंनी खिंडी बंद करून वर चढली ती १५७. सहाशेच्या वर माकी आणि दोनशे नागरिक मेले. २७ जुलैला तर एका गुहेत हलवलेलं जखमींचं हॉस्पिटल सापडलं, तिथल्या जखमींना ठार मारलं.

१८ वर्षांच्या पोराला पहिलं ट्रेनिंगच असं दिलं की गाव जाळायचं तर तो शिकला काय? कच्चे होते म्हणून कमी क्रूर होते असं काही नाही, माझ्या मते उलटं.

सयाजीगंज_७ (बडोदा)

मान्य. मी सप्लाय आणि नंबरांत रमतो आणि हे राहून जातं. १५७ पुढे इटलीत गेली आणि तिची ८ वी डोंगरी डिव्हिजन झाली.

एवढंच जोडतो की त्या पोरांत सगळे जर्मनही नसायचे. पोलंडचा सायलेशियाकडचा भाग जर्मनीला जोडून तिथल्या लोकांची यादी केली, तिसऱ्या वर्गाचे "जर्मन" ठरवलं की मुलगा भरतीला लायक. असे पोलिश बोलणारे हजारो होते, आणि कैद झाले की त्यातले बरेच थेट पोलिश फौजेत जाऊन उलट्या बाजूनं लढले. त्यामुळे रामबागवाले, तुमचा बिल्लेवाला कोण होता हे आत्ताच ठरवू नका.

जुना_सुभेदार (महू)

या बदली फौजेची एक गोष्ट कोणी सांगितली नाही अजून. २० जुलै १९४४, हिटलरवर बॉम्ब. बॉम्ब ठेवणारा कर्नल श्टाउफेनबर्ग हा याच फौजेचा चीफ ऑफ स्टाफ, फ्रॉमच्या हाताखालचा. "वाल्कुरे" नावाचा प्लॅन मुळात होता फ्रंटला भोक पडलं किंवा देशात गडबड झाली तर ट्रेनिंगची पोरं आणि बरे होणारे जखमी गोळा करून झटपट तुकड्या उभ्या करायचा. कटवाल्यांनी तोच फिरवला, हिटलर मेला म्हणायचं आणि या तुकड्यांनी बर्लिन ताब्यात घ्यायचं. घेतलं नाही. पहारा बटालियनचा मेजर रेमर मंत्रालयांना वेढा घालायला गेला, तिथं फोनवर खुद्द हिटलरचा आवाज ऐकला आणि फिरला. फ्रॉमला सगळी कुणकुण होती पण फासा कुठं पडतो ते बघत बसलेला, रात्री स्वतःला वाचवायला त्यानंच श्टाउफेनबर्ग आणि तिघांना अंगणात उभं करून गोळ्या घातल्या. तरी मार्च १९४५ मध्ये त्यालाही मारलंच. नोकरीत असे दोन्हीकडे पाय ठेवणारे साहेब मी पण बघितले, त्यांना प्रमोशन मिळालं.

फ्रॉमच्या जागी हिमलर आला. म्हणजे पोरांचं ट्रेनिंग पण एसएसच्या, नाझी पक्षाच्या स्वतःच्या फौजेच्या, मुख्याकडे.

बाकी आपल्याकडे पण ट्रेनिंग डिव्हिजन होत्या बरं का. १९४३ ला बर्मातल्या अराकानमध्ये मार खाल्ल्यावर इंग्रजांना कळलं की कोऱ्या पोरांना थेट जंगलात ढकलून चालत नाही. १४ वी डिव्हिजन लढाईतून काढून शिकवणारी केली, आणि ठेवली कुठं तर आपल्या छिंदवाड्यात, ३९ वी सहारनपूरला. सेंटरवरून आलेल्या जवानानं दोन महिने तिथं जंगलात काढायचे आणि मग बर्मा. फरक बघा, यांनी ट्रेनिंग डिव्हिजन लढाईपासून मागे आणली, जर्मनांनी लढाईकडे पुढे ढकलली.

रामबागवाला (इंदूर)

छिंदवाड्याला माझी सासुरवाडी आहे, कोणी कधी बोललं नाही हे!

बडोदेकर, इटलीत अशी रिझर्व डिव्हिजन आजोबांसमोर आली असेल का? आजोबांच्या कागदावर ८ वी इंडियन डिव्हिजन लिहिलंय.

सयाजीगंज_७ (बडोदा)

आली असेल, आणि हाच भाग सांगायला मी थांबलो होतो.

१४८ वी रिझर्व डिव्हिजन. १९४३ च्या शेवटापासून फ्रेंच रिव्हिएरावर, नीस कानच्या बाजूला, जनरल ओटो फ्रेटर-पिको. १५ ऑगस्ट १९४४ ला मित्रराष्ट्रं दक्षिण फ्रान्सला उतरली, तेव्हा ही शिकाऊ डिव्हिजन लढत लढत पूर्वेला सरकून इटलीच्या हद्दीत आली, आणि सप्टेंबरात तिचं नाव बदलून नुसती १४८ वी इन्फंट्री डिव्हिजन केलं. रिझर्व शब्द गेला, झाली लढाऊ.

मग डिसेंबर, सेर्किओ नदीचं खोरं, लुक्काच्या वर. २६ डिसेंबरला याच १४८ च्या आणि मुसोलिनीच्या (इटली बाहेर पडल्यावरही जर्मनांच्या बाजूनं राहिलेल्या) इटालियन पलटणींनी अमेरिकेच्या ९२ व्या डिव्हिजनवर अचानक हल्ला केला. ही अमेरिकेची काळ्या सैनिकांची डिव्हिजन, अधिकारी बहुतेक गोरे, आणि ती मागे हटली. हल्ला येणार असा वास आधी आला होता म्हणून मागे कोणाला आणून ठेवलं होतं तर ८ व्या इंडियन डिव्हिजनला, जनरल रसेल, ज्यांना त्यांचे जवान पाशा म्हणायचे. आपल्या लोकांनी खोरं अडवलं आणि वर्ष संपायच्या आत बार्गा गाव वगैरे परत घेतलं. मराठ्यांची पहिली बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. तीच बटालियन पुढं ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर होती, जिथं नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या आठवड्यात तुमचे आजोबा नक्की कोणत्या टेकडीवर होते ते बटालियनच्या वॉर डायरीत मिळेल, तेव्हा उगाच जोडाजोड करत नाही.

१४८ चा शेवट मजेशीर आहे. एप्रिल १९४५ च्या शेवटी पार्माजवळ फोर्नोवोला ती शरण आली, आणि कोणाला, तर ब्राझीलच्या फौजेला. साडेचौदा हजारांच्या वर कैदी, घोड्यांसकट. रिव्हिएरावर ड्रिल शिकायला निघालेली पोरं, पकडली पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी.

किल्ल्याखालची (ग्वाल्हेर)

एक विचारू का, रागावू नका. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की वरच्या आणि खालच्या दोन्ही अर्ध्यांवर अक्षरं आहेत. म्हणजे बिल्ला अख्खा आहे.

त्या फटी पाडलेल्या असतात त्या मोडण्यासाठी. माणूस मेला की खालचा अर्धा मोडून कचेरीत पाठवायचा, वरचा अर्धा प्रेताच्या गळ्यात राहू द्यायचा, म्हणजे पुढे कधी खणलं तरी ओळख पटते. अख्खा बिल्ला ट्रंकेत आहे याचे दोनच अर्थ. एक तर त्या माणसानं जिवंतपणी काढून दिला. नाहीतर मेलेल्याच्या गळ्यातून अख्खाच काढला, आणि मग तो माणूस त्यांच्या कागदांत आजही बेपत्ता असणार, कारण नाव तर बिल्ल्यावर नसतंच, ते युनिट आणि नंबरावरून यादीत शोधायचं असतं.

जुना_सुभेदार (महू)

ताई बरोबर बोलल्या पण मुलाला असं तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

कैद्याचाही बिल्ला घ्यायचा नसतो खरं तर, १९२९ च्या जिनिव्हा करारात ओळखीच्या वस्तू काढून घ्यायच्या नाहीत असंच आहे. पण जवानांनी काय काय आणलं हे मला विचारू नका.

रामबागवाला (इंदूर)

रागावलो नाही. दोन दिवस लिहिलं नाही कारण आत्याला फोन लावला होता, ती उज्जैनला असते, ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, तीन वेळा ओरडून विचारलं. तिला बिल्ला माहीत होता! म्हणाली लहानपणी खेळायला मागितला तर आजोबांनी पहिल्यांदा आणि शेवटचं तिच्यावर हात उगारला. आणि एकदा कधीतरी आजीला सांगताना तिनं ऐकलं होतं, की "मिशासुद्धा फुटली नव्हती त्याला, दोन मग चहा पिला". चहा पिला म्हणजे जिवंत होता ना? मग बिल्ला का दिला, का दिलाच नाही, नंतर काही झालं, आत्याला पुढचं काही आठवत नाही, ती लगेच मला मुलीचं लग्न कधी करतोस यावर आली.

ट्रंकेतला अॅल्युमिनियमचा मग मी कालपर्यंत टाकून द्यायच्या पिशवीत ठेवला होता.

आता विचारायचं कुठं?

सयाजीगंज_७ (बडोदा)

बर्लिनला जर्मन सरकारचं पुराभिलेखागार आहे, बुंडेसआर्खिव्ह. १९३९ पासून बिल्ल्यांच्या याद्या आणि मृतांच्या नोंदी ठेवणारी एक जुनी कचेरी होती, तिचं सगळं काम २०१९ पासून त्यांच्याकडे आलंय. बिल्ल्यावरचं जसंच्या तसं, ठिपके आणि तिरक्या रेघांसकट लिहून पाठवा, दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. उत्तराला वेळ लागतो, महिने लागतात, धीर ठेवा. आणि धातू पॉलिश करू नका कृपा करून, चिंच तर अजिबात नको, अक्षरं जातील.

रामबागवाला (इंदूर)

पाठवला मेल आज सकाळी. मुलीनं अॅपवर जर्मन करून दिला, चुका असतील. आजोबांचं नाव आणि बटालियन पण लिहिली, आणि मुलगी म्हणाली चहाचं पण लिहू, तर ते पण लिहिलं.

चिंचेचं उशिरा सांगितलंत, आईनं मागची बाजू घासून टाकली होती. तो ओ आता नीट दिसतोय मात्र, ब्लड ग्रुपच आहे ना तो?

जुना_सुभेदार (महू)

हो, ब्लड ग्रुप. आईंना सांगा पुढची बाजू राहू द्या.